गर्दी जमते कशी?

सकाळी ८ वाजून ५२ मिनिटांनी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. लिफ्टसमोर कचऱ्याची काळी पिशवी फुटलेली. कांद्याची सालं, चहाचा चोथा, उरलेली भाजी फरशीभर पसरलेली. खाली एवढंच लिहिलं होतं, 'हे कोणाचं काम?' नऊ मिनिटांनी आणखी कुणीतरी सीसीटीव्हीतलं एक चित्र टाकलं. दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी मुलगी हातात काळी पिशवी घेऊन लिफ्टपाशी उभी होती. वेळ सकाळचे ७ वाजून १० मिनिटं.

मग मेसेज येऊ लागले. 'भाडेकरूंना काय पडलंय सोसायटीचं!' 'मी तर मीटिंगमध्ये तेव्हाच म्हटलं होतं, एकट्यादुकट्या पोरींना फ्लॅट देऊ नका.' ९ वाजून १४ मिनिटांनी एकाने लिहिलं, 'रात्रभर बाहेर आणि सकाळी घरी. कसली नोकरी असते देव जाणे.' त्यावर कुणीतरी एक विनोद केला. तो मी इथे लिहिणार नाही. त्याला अकरा जणांनी हसण्याचा इमोजी दिला आणि त्या अकरांत मी होतो.

ती मुलगी तेव्हा झोपली होती. ती एका रुग्णालयात नर्स आहे, रात्रपाळी करून सकाळी येते. हातातल्या पिशवीत तिचा धुवायचा गणवेश होता. दुपारी अडीचला ती उठली, तेव्हा ग्रुपवर ६७ मेसेज साचले होते आणि त्यांचे स्क्रीनशॉट आमच्या भागाच्या एका फेसबुक ग्रुपवर पोचले होते. तिथे तिचा चेहरा होता, सोसायटीचं नाव होतं आणि खाली तिला कधीही न पाहिलेल्या लोकांच्या कमेंट होत्या. कचऱ्याची पिशवी तळमजल्यावरच्या एका घरातली होती आणि मांजराने ती ओढत लिफ्टपर्यंत आणली होती, हे संध्याकाळी त्याच कॅमेऱ्यात दिसलं. सकाळी चित्रफीत पाच मिनिटं पुढे नेऊन कुणी पाहिली नव्हती.

संध्याकाळी मी तिच्या दारात गेलो, माफी मागितली. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "काका, तुमचं नाव दिसलं होतं मला." व्हॉट्सॲपवर इमोजीवर बोट ठेवलं की तो कुणी कुणी दिला याची यादी उघडते. मला ते माहीत होतं, पण त्या यादीकडे ती बघेल हे सकाळी माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्यानंतर मी या प्रकाराची घडण समजून घ्यायच्या मागे लागलो. साधी, नाकासमोर चालणारी माणसं मिळून एका माणसाला चव्हाट्यावर कशी आणतात, फोनमधलं यंत्र त्यात काय भर घालतं, आणि ज्याच्यावर हे येतं त्याने नेमकं काय करायचं, हे सगळं इथे क्रमाने मांडतो.

ट्रोल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खोट्या नावाचं खातं चालवणारा कुणी विकृत माणूस येतो. तसे लोक आहेत, पैसे घेऊन ठरवून हल्ले करणाऱ्या टोळ्याही आहेत. पण आमच्या ग्रुपवर तसं कुणी नव्हतं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, शिकवण्या घेणाऱ्या एक बाई होत्या, गणपतीत वर्गणी गोळा करणारे दोन तरुण होते आणि मी होतो.

अमेरिकेत स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१७ साली नेमका हाच प्रश्न तपासला. त्यांनी ६६७ जणांना आधी एक छोटी चाचणी दिली. काहींना सोपी, काहींना मुद्दाम अवघड. अवघडवाल्यांचा मूड अर्थातच गेला. मग सगळ्यांना एक लेख वाचायला देऊन त्याखाली मत लिहायला सांगितलं. काहींना वरच्या तीन कमेंट सभ्य दाखवल्या, काहींना हिणकस. मूड बरा आणि आधीच्या कमेंट सभ्य असतील, तेव्हा सुमारे ३५ टक्के लोकांच्या कमेंट ट्रोलिंगमध्ये मोडल्या. मूड खराब आणि आधीच्या कमेंटही वाईट असतील, तेव्हा हाच आकडा ६८ टक्क्यांवर गेला. माणसं तशीच होती. बदलला होता तो त्यांचा मूड आणि आधीच्यांनी वापरलेली भाषा. याच संशोधकांनी एका वृत्तसंकेतस्थळावरच्या जुन्या कमेंटही तपासल्या. रात्री उशिरा आणि सोमवारी कडवटपणा वाढलेला दिसला.

पहिली दोन-तीन माणसं काय लिहितात याला म्हणूनच फार महत्त्व आहे. आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज कचऱ्याबद्दल होता. तिसऱ्या-चौथ्या मेसेजला विषय भाडेकरूंवर गेला, आणि ९ वाजून १४ मिनिटांनी कचरा बाजूला पडून एका मुलीच्या चारित्र्यावर आला. हे वळण मी नंतर पुष्कळ ठिकाणी पाहिलं. चूक, मग जात किंवा वर्ग, मग चारित्र्य. समोर बाई असेल तर तिसरी पायरी फार लवकर येते.

समोरासमोर आपण असं बोलत नाही. जिन्यात ती भेटली असती तर त्या निवृत्त गृहस्थांनी फार तर विचारलं असतं, "पिशवी तुझी होती का गं?" आणि तिथेच ते मिटलं असतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन स्यूलर यांनी २००४ साली याची कारणमीमांसा केली. पडद्यावर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्याचा आवाज ऐकू येत नाही, उत्तर लगेच येत नाही, आणि आपण कुणाला दिसत नाही असं वाटत राहतं. बोलताना समोरच्याच्या कपाळाला आठी पडली की आपली जीभ आपोआप आवरते. फोनवर ती आठी दिसत नाही. आमची नर्स तर झोपलेलीच होती. तिचं मौन लोकांनी कबुली समजून घेतलं. 'बघा, एक शब्द बोलत नाहीये' असाही एक मेसेज त्या ६७ मध्ये होता.

आपल्याकडे वाळीत टाकण्याची रीत जुनी आहे. तिच्यापायी इतकी घरं पोळली की सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. २०१६ साली विधिमंडळाने तो मंजूर केला आणि २०१७ मध्ये तो लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. जातपंचायतीत निदान बसणारे पंच कोण हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं. फोनवरच्या पंचायतीत पंच कुणीच नसतो. एकाने फोटो टाकला, एकाने सीसीटीव्हीचं चित्र टाकलं, एकाने विनोद केला, अकरा जण हसले. प्रत्येकाच्या वाट्याला इतकं थोडं येतं की आपण काही केलं असं कुणालाच वाटत नाही. त्या सगळ्याची बेरीज पूर्ण दिसते ती फक्त त्या मुलीला, दुपारी अडीच वाजता.

आता यंत्राचा भाग. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये मेसेज ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने दिसतात. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स यांचं तसं नाही. तिथे तुम्हाला काय आधी दाखवायचं हे एक संगणकीय गणित ठरवतं, आणि त्या गणिताला हवं असतं ते एवढंच, की तुम्ही थांबावं, बोट दाबावं, काहीतरी लिहावं. कुणी कौतुक म्हणून लिहिलं की शिवी म्हणून, हे त्या मोजणीत फारसं येत नाही.

याचं एक उदाहरण फेसबुकच्याच अंतर्गत कागदपत्रांतून २०२१ साली बाहेर आलं. २०१६ मध्ये फेसबुकने 'लाइक'च्या जोडीला प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख आणि राग असे इमोजी दिले. २०१७ पासून पोस्ट किती जणांना दाखवायची हे ठरवताना अशा प्रत्येक इमोजीला एका लाइकच्या पाचपट वजन दिलं जाऊ लागलं. म्हणजे एखाद्या पोस्टवर तुम्ही संतापाचा लालबुंद चेहरा टाकलात, की यंत्राच्या हिशेबात तुम्ही तिला पाच लाइक दिलेत. ज्या पोस्टची चीड आली तीच आणखी घरांत पोचवायला तुमचा हातभार लागला. कंपनीच्याच संशोधकांना आढळलं की रागाचे इमोजी मिळवणाऱ्या पोस्टमध्ये खोटा आणि विखारी मजकूर जास्त असतो. मग ते वजन टप्प्याटप्प्याने उतरवत सप्टेंबर २०२० मध्ये रागाच्या इमोजीचं वजन शून्यावर आणलं. तीन वर्षं मात्र रागाला लाइकपेक्षा जास्त वजन मिळत राहिलं, आणि वापरणाऱ्यांना त्याची कल्पना नव्हती.

गणित बदललं तरी मूळ धोरण तेच आहे. त्या नर्सच्या फोटोखाली 'हिची बाजू कुणी ऐकली का?' असं कुणी भलेपणाने लिहिलं, तरी कमेंटचा आकडा एकाने वाढतो आणि पोस्ट आणखी थोडी वर येते. मला हे समजायला वेळ लागला. बाजू घ्यायची असेल तर त्या पोस्टखाली भांडण्यापेक्षा पोस्टची तक्रार करणं आणि थेट त्या माणसाशी बोलणं अधिक उपयोगी पडतं. पोस्ट शेअर करून 'किती नीच लोक आहेत बघा' असं लिहिणं तर सगळ्यात घातक. तो चेहरा आपणच आणखी शेकडो लोकांसमोर नेतो.

यंत्र आपल्याला वळणही लावतं. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली ७,३३१ ट्विटर वापरकर्त्यांचे सुमारे १ कोटी २७ लाख ट्विट तपासले. संतापून लिहिलेल्या ट्विटला ज्यांना जास्त लाइक आणि रीट्विट मिळाले, ते पुढच्या वेळी आणखी संतापून लिहू लागले. कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही. मुलाच्या एका खोडीवर घरातले सगळे हसले की ते तीच खोडी पुन्हा करतं, तसंच हे. त्या विनोदवीराला आमच्या अकरा इमोजींनी काय शिकवलं असेल, याचा मी नंतर खूप विचार केला.

तिसरा भाग स्क्रीनशॉटचा. ग्रुपमधलं बोलणं ग्रुपपुरतं असतं ही आपली समजूत आहे. व्हॉट्सॲपचं कूटलेखन वाटेत कुणाला मेसेज वाचू देत नाही हे खरं, पण पोचलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट कुणीही काढू शकतं. स्क्रीनशॉटमध्ये आधीचं बोलणं नसतं, नंतरची दुरुस्ती नसते. संध्याकाळी आमच्या ग्रुपवर मांजराचा व्हिडिओ आला, चार जणांनी 'सॉरी' लिहिलं, पण बाहेर गेलेल्या चित्रात सकाळचे ९ वाजून १४ मिनिटंच राहिले. तिकडच्या लोकांना मांजर कधी दिसलंच नाही. फेसबुकवर फोटो टाकणाऱ्याने मूळ पोस्ट काढली, तोवर दुसऱ्या दोन पेजनी ती उचलली होती.

नुसत्या फॉरवर्डने काय होऊ शकतं हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिलं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' असं लिहायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून, ज्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो, म्हणजे जो पाच किंवा अधिक हातांतून आलेला आहे, तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. या बदलानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले असं कंपनीने तेव्हा सांगितलं. पाठवायला थोडा त्रास पडला एवढ्याने लोक थांबले. त्यांना तो मेसेज पाठवायची मुळात तितकी निकड नव्हतीच, असाच याचा अर्थ मी घेतो. तो दुहेरी बाण दिसला की समजावं, पाठवणाऱ्यालाही त्यातलं खरंखोटं ठाऊक नाही.

कायद्याकडे वळण्याआधी पालघरची आठवण काढायला हवी. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे गेले आणि दुसऱ्या दिवशी मुंबईसह सगळं बंद होतं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमध्ये एकवीस वर्षांच्या एका मुलीने या बंदबद्दल फेसबुकवर आपलं मत लिहिलं. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. काही तासांत मुलीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली आणि पोलिसांनी दोघी मुलींना अटक केली. एकीने मत मांडलं होतं, दुसरीने फक्त बोट दाबलं होतं. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ होतं, ज्यात 'त्रासदायक' वाटणारा संदेशही गुन्हा होता. श्रेया सिंघल या तरुणीने त्याविरुद्ध याचिका केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं.

मला तो निकाल योग्य वाटतो. ऑनलाइन छळाबद्दल बोलताना 'कडक कायदा हवा' असं आपण पटकन म्हणतो, पण त्रासदायक काय हे ठरवायचं कुणी? पालघरला ते जमावाने ठरवलं आणि कायदा जमावाच्या बाजूने उभा राहिला. आज जे कायदे आहेत ते अपमानाच्या भावनेऐवजी ठरावीक कृत्यांवर बोट ठेवतात. तुमच्याबाबत घडलंय ते त्यांतल्या कोणत्या कृत्यात बसतं, हे कळलं की पोलीस ठाण्यात बोलणं पुष्कळ सोपं होतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. एखाद्या बाईने स्पष्ट नको म्हटल्यावरही कुणी मेसेज करून पिच्छा पुरवत असेल, किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवत असेल, तर कलम ७८. पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. धमकी असेल तर कलम ३५१, आणि ती नाव लपवून दिली असेल तर दोन वर्षांपर्यंतची शिक्षा वेगळी. बाईच्या लज्जेचा अवमान करणारे शब्द असतील तर कलम ७९. बदनामीसाठी ३५६ आहे, पण तो अदखलपात्र गुन्हा असल्याने बहुतेक वेळा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खासगी तक्रार करावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड वापरण्यासाठी ६६-क आहे, तोतयेगिरी करून फसवण्यासाठी ६६-ड, खासगी अवयवांची चित्रं संमतीविना काढणं किंवा पसरवणं यासाठी ६६-ई, आणि अश्लील मजकुरासाठी ६७. अठरा वर्षांखालच्या मुलांची लैंगिक चित्रं असतील तर ६७-ब आणि पॉक्सो (मुलांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा), आणि तिथे फॉरवर्ड करणाराच काय, असं चित्र फोनमध्ये साठवून ठेवणाराही अडकतो.

आता प्रत्यक्ष करायचं काय. यात क्रमाला महत्त्व आहे, कारण लोक घाबरून नेमकं उलट करतात. आधी सगळं डिलीट करतात, मग ब्लॉक करतात आणि पुरावा हातचा जातो.

पहिलं काम पुरावा जपण्याचं. स्क्रीनशॉट घ्या, पण फक्त शिवीचा नको. त्यात तारीख, वेळ आणि समोरच्याचं नाव किंवा नंबर दिसला पाहिजे. इन्स्टाग्राम-फेसबुकवर त्या माणसाच्या प्रोफाइलचं पान उघडून त्याचाही घ्या आणि पोस्टची लिंक कॉपी करून स्वतःला मेल करून ठेवा. खात्याचं नाव एका मिनिटात बदलता येतं. जुन्या पोस्टची लिंक बऱ्याचदा तीच राहते आणि तपासाला उपयोगी पडते. हे लगेच करायचं, कारण व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याला आपला मेसेज साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांच्या फोनमधून काढून घेता येतो. मूळ चॅट फोनमध्येच राहू द्या. प्रकरण कोर्टात गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि ज्या फोनमध्ये ते मुळात आलं तो हाताशी असला की काम सोपं होतं.

दुसरं काम त्या ॲपवर तक्रार करण्याचं. व्हॉट्सॲपवर 'रिपोर्ट' दाबलंत की त्या माणसाने किंवा ग्रुपने तुम्हाला पाठवलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, आणि तक्रार केल्याचं समोरच्याला कळवलं जात नाही. ब्लॉक त्यानंतर. मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांना २०२१ च्या नियमांनी भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमायला लावलं आहे. कुणाची नग्न वा लैंगिक चित्रं, किंवा चेहरा जोडून केलेली बनावट चित्रं असतील, तर तक्रार आल्यापासून काही तासांत ती काढण्याचं बंधन त्याच नियमांत आहे. कंपनीने दाद दिली नाही तर २०२३ पासून केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

अशा चित्रांच्या बाबतीत एक सोय फार कमी लोकांना ठाऊक आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. पूर्वीच्या मित्राकडे आपला खासगी फोटो आहे आणि तो पसरवण्याची धमकी देतोय, अशी वेळ आलेल्या मुलीला सगळ्यात मोठी भीती असते ती तोच फोटो तक्रारीसाठी आणखी कुणाला दाखवायची. 'स्टॉप एनसीआयआय' या संकेतस्थळावर फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोपासून अक्षरं आणि आकड्यांची एक लांब ओळ तयार होते, तिला हॅश म्हणतात. बोटाच्या ठशासारखी ती त्या फोटोची खूण असते. ठशावरून माणसाचा चेहरा काढता येत नाही, तसा हॅशवरून फोटो परत बनवता येत नाही. फक्त ही ओळ फेसबुक, इन्स्टाग्राम आणि इतर सहभागी कंपन्यांकडे जाते, आणि तोच फोटो तिथे कुणी चढवू लागला की तो ओळखून अडवता येतो. ब्रिटनमधल्या एका मदतवाहिनीने २०२१ साली ही सेवा सुरू केली आणि ती भारतातूनही वापरता येते. ती अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. त्याखालच्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' नावाची तशीच सेवा आहे. सहभागी नसलेल्या ॲपवर किंवा कुणाच्या फोनमध्ये पडून असलेल्या फोटोवर मात्र तिचा इलाज चालत नाही.

तिसरं काम पोलिसांचं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन, यावर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे आणि तिथे नाव न देताही तक्रार नोंदवता येते. १९३० हा सायबर मदतीचा क्रमांक आहे. तातडीचा धोका असेल तर ११२. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असं उत्तर मिळालं तर निमूट परत फिरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. मन फारच खचलं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतून बोलता येतं. मुलांसाठी १०९८.

पण या सगळ्याआधी घर येतं, आणि बहुतेक प्रकरणं तिथेच अडतात. अकरावी-बारावीतली मुलगी धीर करून आईला सांगते, की कॉलेजच्या निनावी 'कन्फेशन' पेजवर माझ्याबद्दल घाण लिहिलंय. ही पेज चालतात कशी ते पालकांना माहीत नसतं. चालवणारा एक लिंक ठेवतो, कुणीही नाव न सांगता तिथे मजकूर भरतो, आणि चालवणारा त्यातलं निवडून पोस्ट करतो. मग मित्रमंडळी त्या मुलीला टॅग करतात. लिहिणारा बहुधा तिच्याच वर्गातला असतो. घरी हे कळलं की पहिलं वाक्य येतं, "कशाला टाकतेस फोटो?" आणि दुसरं, "आण तो फोन इकडे." आईबापांची भीती मला समजते. पण मुलीच्या बाजूने पाहा. छळ तिचा झाला आणि शिक्षाही तिलाच. पुरावा होता तो फोन गेला, धीर देणाऱ्या मैत्रिणी त्या फोनमध्ये होत्या त्या गेल्या, आणि पुढच्या वेळी घरी सांगायचं नाही एवढा धडा तिने घेतला. घरातलं पहिलं वाक्य जमलं तर असं असावं: "बरं केलंस सांगितलंस. चल, दोघी मिळून बघू."

राहता राहिले आपण, ग्रुपमधले बाकीचे. आमच्या ग्रुपमध्ये १३० जण होते. लिहिणारे वीस-पंचवीस, इमोजी देणारे काही, आणि उरलेले शंभर जण वाचून गप्प. नंतर जिन्यात त्यांतले कितीतरी जण म्हणाले, "आम्हाला पटत नव्हतं हो ते." त्या मुलीला हे कळायला काहीच मार्ग नव्हता. तिच्या लेखी अख्खा ग्रुप विरुद्ध होता. ९ वाजून ५ मिनिटांनी कुणी एकाने 'आधी तिला विचारू या का?' एवढं लिहिलं असतं, तर ९ वाजून १४ चा मेसेज आला नसता असं माझं प्रामाणिक मत आहे. आधीच्या दोन-तीन मेसेजवर पुढचं सगळं ठरतं हे स्टॅनफर्ड-कॉर्नेलच्या त्या प्रयोगातही दिसतंच.

ॲडमिनच्या हातात याहून जास्त आहे. तो कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकू शकतो आणि 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील' ही सेटिंग तासाभरासाठी लावून वातावरण निवू देऊ शकतो. 'मला उगाच कोर्टात ओढतील' या भीतीने पुष्कळ ॲडमिन हातच लावत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली गोंदियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधीचा कट दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येणार नाही. तेव्हा कायद्याची भीती बाळगायचं कारण नाही, आणि ती सबब सांगायचंही नाही.

ती नर्स दोन महिन्यांनी दुसरीकडे राहायला गेली. जाताना तिने ग्रुप सोडला. आता ग्रुप सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, त्यामुळे बाकीच्यांना पत्ताही लागला नाही. मी माझा इमोजी त्याच संध्याकाळी काढला होता. पण सकाळच्या स्क्रीनशॉटमध्ये तो आहे, आणि ते चित्र किती फोनमध्ये आहे हे मोजता येत नाही.

तुमच्या ग्रुपवर उद्या असा एखादा फोटो येईल. काही लिहिण्याआधी, इमोजी देण्याआधी, ज्याचा तो फोटो आहे त्याला एक फोन करा. नंबर शोधावा लागणार नाही. तो त्याच ग्रुपच्या यादीत असतो.